अक्कलदाढेच्या पल्पमधल्या पेशी फ्लास्कला चिकटेनात, मदत हवी आहे

लातूर_लॅब: दाढ फोडली, पल्प (दाताचा आतला मऊ गाभा) काढला, पेशी सुट्या करायला कोलॅजिनेज-डिस्पेज ही एन्झाइम दिली, गाळलं, अल्फा-एमईएम या मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) टाकलं. चौथा दिवस, सगळं तरंगतंय. मीडियात घालायचं सीरम नवीन आहे. सोमवारी गाईडला दाखवायचंय. लवकर सांगा.

पेशीवाला: एन्झाइम किती आणि किती वेळ? पेशंटचं वय? दाढ फोडली कशी?

लातूर_लॅब: नेहमीसारखंच. मिलीला ३ मिग्रॅ कोलॅजिनेज, ४ मिग्रॅ डिस्पेज, ३७ अंशाला रात्रभर. एअरोटरनं (दातांच्या वेगवान ड्रिलनं) कापली. वय ४५.

पेशीवाला: रात्रभर कामून? हे प्रमाण तासाभरासाठी आहे. मिलिमीटरचे तुकडे, मधूनमधून हलवायचं, ७० मायक्रॉनची गाळणी. शिवाय ४५ च्या दाढेत पल्प आकसलेला आणि तंतूच जास्त. विशीतली, मुळाचं टोक पुरतं न मिटलेली दाढ घ्या.

नांदेडकर: आणि सीरम घातलं म्हणजे एन्झाइम थांबलं असं समजू नका. डिस्पेज सीरमनं थांबत नाही. पातळ करून, सेंट्रिफ्यूज करून दोनदा धुवावंच लागतं.

एक्सप्लांट_जिंदाबाद: एन्झाइमचा खर्चच कशाला? तुकडे फ्लास्कच्या तळाला ठेवा, जेमतेम भिजतील इतकाच मीडिया. जास्त झाला की तुकडे तरंगतात नि गेलं काम. आठ-दहा दिवस फ्लास्कला हात लावू नका, कडेनं पेशी बाहेर येतात.

पेशीवाला: सोमवारी दाखवायचंय म्हणतोय तो, आणि तुम्ही दहा दिवस सांगताय! एकेका सुट्या पेशीपासून वाढलेल्या कॉलनी (पुंजके) मोजायच्या असतील तर ही तुकड्यांची एक्सप्लांट पद्धत कामाची नाही.

एक्सप्लांट_जिंदाबाद: मेलेल्या पेशींच्या कॉलनी मोजा मग.

बीडची_सून: जपानचं दात उगवायचं औषध कुठं मिळेल? सासऱ्यांचे तंबाखूनं सगळे गेलेत.

नांदेडकर: विक्रीला नाही, ताई. यूसॅग-१ हे प्रथिन दाताची वाढ रोखतं, ते अडवणारी अँटीबॉडी आहे. २०२४ मध्ये क्योटोत पहिली चाचणी सुरू झाली, ३० ते ६४ वयाच्या ३० पुरुषांवर, तीही आधी सुरक्षितता बघायला. सध्या कवळीच बघा.

इन्व्हर्टर_भाऊ: लाईट जाते का तिकडं? सीओटू इन्क्युबेटरला (पेशी वाढवायच्या पेटीला) बॅकअप हवाच. मीडिया जांभळा पडला की सीओटू कमी पडून पीएच वर गेला समजा.

लातूर_लॅब: मीडिया लालच आहे. कापण्याचं काय?

पेशीवाला: एअरोटर आरपार चालवला की पल्प भाजतो. दाढेच्या मानेभोवती डायमंड डिस्कनं खाच पाडा, थंड सलाईनची धार चालू ठेवून, पल्पच्या अलीकडं थांबा. मग हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) नेऊन एलिव्हेटरनं (दात उचकटायच्या हत्यारानं) तडकवा. आत्ताचा फ्लास्क टाकण्याआधी तरंगणाऱ्या पेशींना ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) लावून बघा. सगळ्या निळ्या दिसल्या तर गाईडला तोच फोटो दाखवा.