मदत हवी: रील्स पाहून जपानी शिकणं, एन५ ला पुरेल का?

प्रश्न (कोथरूडकर): मंडळी, डिसेंबरची जेएलपीटी (जपानी भाषेची परीक्षा) द्यायची आहे, एन५ म्हणजे सगळ्यात सोपी पातळी. नोकरीमुळे क्लासची वेळ जमत नाही, म्हणून इन्स्टाग्राम-यूट्यूबवर रोज तासभर शिकणं चालू आहे. शब्द ओळखीचे वाटतात. पण रोमन अक्षरं झाकली की वाचता येत नाही आणि ऐकताना अर्धं वाक्य निसटतं. काय बदलू?

कानाप्रेमी: रोमन अक्षरं आजपासून बंद. परीक्षेत ती नसतातच. जपानीच्या दोन 'काना' लिप्या आधी पक्क्या करा: हिरागाना ४६ अक्षरं, काताकाना ४६. रोज दहा हाताने लिहा. उच्चार देवनागरीत उतरवून ठेवू नका, कारण आपल्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घ 'ओ' वेगळा दिसत नाही. 'कोको' म्हणजे इथे आणि 'कोओकोओ' म्हणजे जपानमधलं हायस्कूल, पण वहीत दोन्ही 'कोको'च होतात. फायदाही आहे आपल्याला: पाणी म्हणजे 'मिझु', त्यात आपल्या 'जरा'तला ज जवळचा, 'जय'मधला नाही.

सिंहगडरोड४२: शिकण्यासाठी वेगळं खातं उघडा. नेहमीच्या खात्यावर क्रिकेट आणि रेसिपी येतच राहणार. शोध जपानी कीबोर्डवरून, काना लिपीतच टाइप करून घ्या. इंग्रजीत शोधलंत तर जपानीबद्दल इंग्रजीत बोलणारेच जास्त येतात.

मग तीस सेकंदांचा एकच व्हिडिओ चार वेळा. आधी स्क्रीन न बघता ऐका. दुसऱ्यांदा ऐकू आलं ते काना लिपीत लिहा. तिसऱ्यांदा जपानी सबटायटल लावून ताडून बघा. आपोआप तयार झालेली असतील तर चुका असतात, शंका आली की शब्दकोश उघडा. चौथ्यांदा यूट्यूबचा वेग ०.७५ करून सोबत बोला. त्यातलं एकच वाक्य, ज्यात एकच अनोळखी शब्द आहे असं, आवाजासकट 'अंकी' या उजळणीच्या कार्डांच्या ॲपमध्ये टाका. दिवसाला पाच कार्डं पुरे. वीस टाकलीत तर काही आठवड्यांत उजळणीचा ढीग होतो आणि ॲप उघडायचीच धास्ती बसते.

जपानीवाली: वरचं पटलं, पण परीक्षेचा हिशेब वेगळा आहे. १८० पैकी ८० हवेत, शिवाय भाषा-वाचनात १२० पैकी किमान ३८ आणि श्रवणात ६० पैकी १९. श्रवणाचा ऑडिओ एकदाच लागतो. म्हणून आठवड्यातून दोनदा न थांबवता, मागे न नेता ऐकाच. ॲनिमेच्या (जपानी कार्टूनच्या) क्लिपांतलं 'ओरे' (मी), 'ओमाए' (तू) कंपनीच्या मुलाखतीत उद्धट वाटेल. एन५ ला 'देसु-मासु', म्हणजे वाक्याच्या शेवटची सभ्य रूपं, पक्कं करा.

आणि लिहा! पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आहे. तिथला फोटो टाकून खाली दोनच वाक्यं लिहा, जपानी लोक हमखास थांबतील. आपली चूक ठरलेली: मराठीत दोन्हीकडे 'पुण्यात', जपानीत नाही. पुण्यात राहतो, 'पुने नि सुन्दे इमासु'. पुण्यात काम करतो, 'पुने दे हाताराकिमासु'. असणं-राहणं 'नि', तिथे काही करणं 'दे'.

कोथरूडकर: मनापासून आभार! लिहिलेलं तपासून कोण देईल?

जपानीवाली: हॅलोटॉक या भाषा शिकणाऱ्यांच्या ॲपवर टाका, तिथे जपानी लोक ओळीखालीच दुरुस्ती करतात. त्यांनाही कुणाचं इंग्रजी किंवा हिंदी तपासून हवं असतं, तेवढं आपणही करावं. कार्डावर दुरुस्त झालेलं वाक्यच उतरवा. चुकीचं शेजारी ठेवलंत तर तेही पाठ होतं.