चेहऱ्याच्या लकव्याला ॲपने टक्के देऊ नयेत

कडूलिंब
काल इथे एकाने लिहिलं की चेहऱ्याचा लकवा किती आहे हे आता फोनचा कॅमेराच सांगतो. डॉक्टर नुसता अंदाज बांधतात, यंत्र मोजतं, तेव्हा यापुढे तपासणीचं काय काम? खाली अंगठ्यांची रांग. मी याच रुग्णांना चेहऱ्याचे व्यायाम शिकवते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

ही साधनं चेहऱ्यावर बिंदू टाकतात. भुवया, पापण्या, नाक, ओठ, जबड्याची कड मिळून बहुतेक वेळा ६८. मग डावी-उजवी अंतरं ताडून बघतात. बिंदू कुठे टाकायचे हे ती शिकली धडधाकट चेहऱ्यांवरून. इमोट्रिक्स या लकव्याचा चेहरा फोटोवरून मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी स्वतःच दाखवलंय की अशी मॉडेल लकव्याच्या चेहऱ्यावर जास्त चुकतात आणि रुग्णांचे फोटो देऊन पुन्हा शिकवलं की सुधारतात. फुकटात मिळणारं ॲप कशावर शिकलंय, कोणी विचारलं?

मिलिमीटर काढायला बुबुळाचा व्यास साधारण ११.७ धरतात, कारण तो माणसागणिक फार बदलत नाही. ठीक. पण सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे डोळा मिटायला सांगितल्यावर उरणारी फट. त्या क्षणी आजारी बाजूचं बुबुळ वर पळतं, फटीत नुसता पांढरा भाग दिसतो आणि चांगला डोळा तर मिटलेलाच असतो. म्हणजे जिथे मोजपट्टी हवी तिथेच मोजपट्टी गायब.

आणि समानता वाढली म्हणजे नस सुधारली असं नाही. चांगल्या बाजूला बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, दिलं तरी दोन्ही बाजू सारख्या दिसू लागतात. आकडा चढतो, नस होती तिथेच.

पिक्सेलवाला
ती पोस्ट माझी, असं ॲप बनवणाराही मीच. तपासणी नकोच असं मी म्हटलं नव्हतं, पण असो, अंदाजाबद्दल बोलू.

डॉक्टर लकव्याची तीव्रता ठरवायला वापरतात ती हाऊस-ब्रॅकमन पट्टी १९८५ची. चेहऱ्याला सहा श्रेणींत बसवायचं. डोळा जोर लावून पूर्ण मिटला तर तिसरी, नाही मिटला तर चौथी. ज्याचा डोळा मिटतो पण कपाळ अजिबात हलत नाही आणि ओठही ओढलेला आहे, त्याला कुठे बसवणार? एक डॉक्टर तीन लिहितो, दुसरा चार. बेल्स पाल्सीत, म्हणजे ठोस कारण न सापडणाऱ्या चेहऱ्याच्या लकव्यात, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड लवकर द्यावं हे ज्या स्कॉटिश चाचणीने ठरलं (२००७), तिथे फोटोंवरून श्रेणी द्यायला तीन स्वतंत्र तज्ज्ञ बसवले होते. एकाची नजर पुरेशी असती तर तिघे कशाला?

बुबुळाचं म्हणाल तर सरळ बघतानाच्या फोटोवरून प्रमाण ठरवायचं आणि फोन स्टँडवर त्याच अंतरावर ठेवून पुढचे फोटो काढायचे. हे सुटणारं कोडं आहे.

सदाफुली
मी या आजारातून गेले आहे. मला "नव्वद टक्के बरं" असं लिहून मिळालं. फोटोत मी छान दिसते. पण घास चावायला लागलं की उजवा डोळा मिटतो आणि त्यातून पाणी गळतं. शाळेत शिकवते, "ओ" म्हणायला ओठ गोल केले की डोळा बारीक होतो. मुलांना वाटतं बाई डोळा मारतात. कोणाच्या घरी जेवायला जात नाही. हे दहा टक्क्यांत कुठे बसतं ते सांगा.

कडूलिंब
सदाफुली, याला सिनकायनेसिस म्हणतात. नस परत वाढताना तिचे धागे भलत्याच स्नायूला जाऊन भिडतात. सुरुवातीला नसतं, काही महिन्यांनी दिसू लागतं. टोरांटोच्या सनीब्रूक पट्टीत (१९९६) निदान त्याचे गुण वेगळे वजा होतात. भुवई उचलणं, डोळा हळू मिटणं, दात दाखवून हसणं, नाक फेंदारणं, ओठांचा चंबू, या प्रत्येक हालचालीच्या वेळी बाकीचा चेहरा काय करतो हे बघावंच लागतं. स्थिर फोटोत हे येणार नाही.

माणदेशी
ताई, तुमचं खरं असेल, पण तुम्ही शहरात बसून बोलताय. माझ्या वडिलांचं तोंड सकाळी चूळ भरताना वाकडं झालं, पाणी एका बाजूने सांडायला लागलं. गावात म्हणाले गार वारं लागलं, चोळा. तालुक्याला नेलं तर दर खेपेला नवा डॉक्टर. मागच्या वेळेपेक्षा बरं आहे की वाईट हे सांगायला कोणी नाही, कागदावर फक्त "सुधारणा आहे". मला तरी तो फोन हवा होता.

वर तिथल्या फिजिओने चेहऱ्याच्या स्नायूंना रोज विजेचा करंट द्यायला बोलावलं. एसटीने जा-ये, दिवसाची मजुरी बुडली, पैसे वेगळे. त्या करंटचा उपयोग असतो का, एवढं कोणीतरी स्पष्ट सांगा.

कडूलिंब
स्पष्ट सांगते. चेहऱ्याच्या लकव्यात करंटने फायदा होतो असं दाखवणारा चांगल्या दर्जाचा पुरावा नाही. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०११मध्ये सगळं धुंडाळून हेच लिहिलं. नेमून दिलेल्या व्यायामाला थोडा आधार सापडला, तोही कच्चा. मी करंट देत नाही.

अण्णा_फिजिओ
पुरावा नाही म्हणजे उपयोग नाही असं होत नाही. त्याच कॉक्रेनमध्ये करंटने नुकसान होतं याचाही पुरावा नाही, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. कित्येक वर्षं मी हेच करतोय. वाकडं तोंड घेऊन आलेली माणसं सरळ होऊन गेलीत, घरी पेढे आणून दिलेत. रुग्णाला स्नायू हलताना दिसला की धीर येतो. तो धीर तुमचा आरसा आणि चार व्यायाम देणार का? स्वतःच्या व्यवसायातल्या माणसांना चारचौघांत लुटारू ठरवायची ही नवी फॅशन आहे.

कडूलिंब
लुटारू हा शब्द तुमचा. नुकसानीबद्दलचं वाक्य मान्य, तेही तिथे आहे. पण पेढ्यांचं सांगू नका. कोपनहेगनमध्ये बेल्स पाल्सीचे १७०१ रुग्ण काहीही उपचार न देता बघितले गेले. त्यातले ७१ टक्के पूर्ण बरे झाले. म्हणजे करंट, चोळणं, फुगे फुगवणं, कशाचंही नाव घ्या, दहातले सात पेढे आणणारच. माणदेशींच्या वडिलांनी एसटीचे पैसे कशासाठी घालवले?

अण्णा_फिजिओ
आणि उरलेले तीन? त्यांना "घरी बसा, नस वाढेल" सांगू? तुमच्याकडे शहाणे, शिकलेले, वेळ असलेले रुग्ण येतात. माझ्याकडे बांधकामावरचा माणूस येतो, तो घरी आरशासमोर बसत नाही. इथे येतो म्हणून निदान डोळ्यात थेंब घातले का, रात्री पापणीवर चिकटपट्टी लावली का, हे मी विचारू तरी शकतो. एकाचा डोळा माझ्यामुळे वाचलाय.

माणदेशी
वडिलांना डोळ्याचं कोणीच सांगितलं नव्हतं. धुळीने बुबुळावर व्रण झाला तेव्हा कळलं. अण्णा, तुम्ही विचारता हे चांगलं आहे. पण त्यासाठी करंटचे पैसे का?

पिक्सेलवाला
बघा, धागा करंटवर गेला आणि माझाच मुद्दा सिद्ध झाला. दोघे अनुभवी, दोघांचे रुग्ण खरे, तरी भांडण मिटत नाही, कारण तुमच्यापैकी कोणीही सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी एकाच पद्धतीने मोजलेलं नाही. मोजलं असतं तर माणदेशींना आज उत्तर मिळालं असतं.

कडूलिंब
हे मात्र खरं, कबूल करायला जड जातंय. मीही कागदावर "मध्यम" असंच लिहीत आले.

पण मग नीट मोजा. सेल्फी कॅमेरा काही फोनांत चित्र उलटं साठवतो, डावा-उजवा बदलतो. सौंदर्याचा फिल्टर अनेकदा आपोआप चालू असतो आणि कपाळाच्या आठ्या, नाकापासून ओठापर्यंतची घडी पुसून टाकतो. लकव्यात नेमकं तेच बघायचं असतं. फोटो नको, व्हिडिओ घ्या, मागच्या कॅमेऱ्याने. आणि पहिल्या दिवशी ॲप उघडायचंच नाही. कपाळावर आठ्या पडतायत आणि फक्त तोंड वाकडंय तर तो मेंदूचा झटका असू शकतो. कानात पुरळ असेल तर नागीण, ती कॅमेऱ्याला दिसत नाही. प्रेडनिसोलोन ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. कोणी टक्के बघत घरी बसला तर ती वेळ हातची गेली.

सदाफुली
आणि जेवताना व्हिडिओ घ्या. मला एकदाही कोणी काही खायला देऊन बघितलं नाही.

पिक्सेलवाला
जेवतानाचा व्हिडिओ घालतो. पहिल्या पानावर "आधी डॉक्टर" हेही घालतो. पापणीची फट, ओठाचा कोपरा, चंबू करताना डोळा किती बारीक होतो, सगळं वेगवेगळं मिलिमीटरमध्ये दाखवीन. पण "किती टक्के बरे" ही ओळ काढणार नाही. लोक तेवढंच विचारतात.

कडूलिंब
मग सदाफुलींनाही तुमचं ॲप नव्वदच सांगणार. ती ओळ असेपर्यंत माझ्या एकाही रुग्णाला मी ते वापरू देणार नाही.

अण्णा_फिजिओ
मी देईन. करंट दिलेले आणि न दिलेले, दोन्ही मोजून इथेच टाकतो. मग बोलू.