एक्सटर्म: कंट्रोल-डावा बाण दाबला की ;५डी उमटतं, आणि कंट्रोल-एन्टर वेगळं हवंय

प्रश्न
एक्सटर्म (टर्मिनलची खिडकी) आणि त्यात बॅश (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारं शेल). होम फोल्डरमध्ये .इनपुटआरसी (कळांच्या सेटिंगची फाइल) नव्याने बनवली. आत एकच ओळ आहे: टॅबने नाव पूर्ण होताना लहान-मोठ्या अक्षरांत भेद करू नये, अशी. तेव्हापासून कंट्रोल-डावा बाण दाबला की कर्सर शब्दभर मागे जात नाही, नुसतं ;५डी उमटतं. दुसरं म्हणजे, कंट्रोल-एन्टर दाबल्यावर ओळीच्या शेवटी ‘| लेस’ (निकाल पानापानाने दाखवणारी आज्ञा) जोडून ती चालावी असं हवंय, पण ते साध्या एन्टरसारखंच वागतं. दोन्ही एक्सटर्ममध्येच बदलायचं का?

उत्तर १
बाणासाठी एक्सटर्मला हात लावू नका. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला कळ दिसत नाही, तिचे बाइट तेवढे मिळतात. ते बघायला ‘कॅट’ ही आज्ञा चालवून कळ दाबा. ^[[१;५डी दिसलं (^[ म्हणजे एस्केप) तर एक्सटर्म बरोबर पाठवतंय. त्यातला ५ हा कंट्रोलचा; शिफ्टला २, ऑल्टला ३, कंट्रोल-शिफ्टला ६.

घोळ रीडलाइनमध्ये (बॅशसाठी टाइप केलेली ओळ वाचणारा भाग) आहे. होममध्ये .इनपुटआरसी सापडली की रीडलाइन /ईटीसी/इनपुटआरसी वाचतच नाही, आणि बाणांची जोडणी बहुतेक तिथेच होती. तुमच्या फाइलच्या अगदी वर ही ओळ घाला (अर्थात रोमन लिपीत):

$इन्क्लूड /ईटीसी/इनपुटआरसी

मग प्रॉम्प्टवर कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आर दाबलं की फाइल पुन्हा वाचली जाते. तरीही जमलं नाही तर जोडणी स्वतः लिहा:

"\ई[१;५डी": बॅकवर्ड-वर्ड

\ई म्हणजे एस्केप. उजव्या बाणाला शेवटी सी आणि फॉरवर्ड-वर्ड. झेडशेल (बॅशसारखंच दुसरं शेल) ही फाइल बघत नाही, तिथे ‘बाइंडकी’ वापरावं लागतं.

उत्तर २
कंट्रोल-एन्टरचं दुखणं वेगळं. एक्सटर्म मुळात एन्टरलाही १३ हाच बाइट पाठवतं आणि कंट्रोल-एन्टरलाही १३, त्यामुळे बॅशमध्ये कितीही जोडण्या केल्या तरी फरक पडणार नाही. (कंट्रोल-आय आणि टॅब यांचीही हीच गत: दोन्ही ९.) इथे मात्र एक्सटर्मकडूनच वेगळे बाइट पाठवायला हवेत. होममधल्या .एक्सरिसोर्सेसमध्ये (एक्सटर्मची सेटिंग ठेवायची फाइल):

एक्सटर्म*व्हीटी१००.ट्रान्सलेशन्स: #ओव्हरराइड \एन\
~शिफ्ट कंट्रोल<की>रिटर्न: स्ट्रिंग(०एक्स१बी) स्ट्रिंग("[१३;५यू")

#ओव्हरराइड विसरलात तर मूळची सगळी जोडणी पुसली जाते. खिडकी उघडते, पण साधं अक्षरही टाइप होत नाही. म्हणून बदल तपासून होईपर्यंत एक जुनी खिडकी उघडी ठेवा. आणखी कळा जोडायच्या असतील तर शेवटची सोडून प्रत्येक ओळ \एन\ ने संपवा. त्या शेवटच्या तिरक्या रेघेनंतर एखादी मोकळी जागा राहिली तर यादी तिथेच तुटते, आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही.

‘एक्सआरडीबी -मर्ज’ देऊन फाइल चढवा. बदल फक्त नव्याने उघडलेल्या खिडक्यांना लागू होतो. मग .इनपुटआरसीमध्ये:

"\ई[१३;५यू": " | लेस\सी-एम"

शेवटचं \सी-एम म्हणजे एन्टर. ते काढलंत तर ओळ नुसती तयार होऊन थांबेल. लांबलचक आज्ञा एकदा नजरेखालून घालता येते, म्हणून मला तेच बरं वाटतं.

प्रश्नकर्ता
दोन्ही चालू झालं, आभार. फक्त टीमक्समध्ये (एका खिडकीत अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम) कंट्रोल-एन्टर पुन्हा साधं एन्टर होतं.

उत्तर २
टीमक्स हे एक्सटर्म आणि बॅश यांच्या मधोमध बसून बाइट स्वतः वाचतं, कळ ओळखतं आणि आतल्या प्रोग्रामला नव्याने पाठवतं. आतल्या प्रोग्रामने विस्तारित कळा (कंट्रोल-एन्टरसारख्या कळांचे वेगळे बाइट) मागितल्या नसतील तर ते कंट्रोल गाळून टाकतं, आणि तुमचा बॅश त्या मागत नाही. आवृत्ती ३.२ए किंवा पुढची असेल तर .टीमक्स.कॉन्फमध्ये:

सेट -एस एक्सटेंडेड-कीज ऑलवेज

इथे ‘ऑन’ पुरत नाही, कारण ‘ऑन’ म्हणजे मागेल त्यालाच. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करा आणि टीमक्सच्या आत परत ‘कॅट’ने बघा. तिथे [१३;५यू ऐवजी [२७;५;१३~ दिसू शकतं. तसं असेल तर तीच जोडणी .इनपुटआरसीमध्ये दुसऱ्या ओळीत या क्रमासाठीही लिहा; दोन्ही एकत्र नांदतात. ३.५ पासून ‘एक्सटेंडेड-कीज-फॉरमॅट सीएसआय-यू’ लिहूनही पहिला क्रम मिळवता येतो.