आरओई ३० टक्के म्हणजे कंपनी भारीच का?

बियाणेवाला_लातूर: गंजगोलाईजवळ दुकान आहे, गिऱ्हाईक नसलं की शेअर बघायलोय. एका कंपनीचा आरओई (रिटर्न ऑन इक्विटी, भांडवलावरचा परतावा) ३० टक्के, दुसरीचा २०. डोळे झाकून ३० वाली घ्यावी का?

आडत्या_उदगीर: डोळे झाकू नका भाऊ. आरओई म्हणजे निव्वळ नफा भागिले मालकांचा स्वतःचा पैसा, म्हणजे भागभांडवल अधिक राखीव निधी. एवढंच ते. मोंढ्यातलं सांगतो. मी घरचे २० लाख घालून सोयाबीन भरलं, वर्षाकाठी ४ लाख सुटले. २० टक्के. शेजाऱ्यानं घरचे १० आणि बँकेचे ४० लाख घातले, व्याज जाऊन ३ लाख उरले. ३० टक्के! गडी महिनाभर मिशीला पीळ देत फिरायला होता. पुढच्या साली भरलेल्या मालाचा भाव १० टक्क्यांनी पडला. माझे २ लाख गेले, त्याचे ५. निम्मं भांडवल साफ, वर व्याज वेगळंच.

बियाणेवाला_लातूर: अरे देवा. म्हणजे कर्जबी बघायचं.

हिशेबनीस_नांदेड: आरओई हा तिघांचा गुणाकार: विक्रीमागं नफा किती, मालमत्तेवर विक्री किती, आणि मालमत्ता भांडवलाच्या किती पट. ड्यूपॉन्ट पद्धत म्हणतात. तिसऱ्यानंच, म्हणजे कर्जानं, आकडा फुगला असेल तर जपून. जुन्या तोट्यानं भांडवल झिजलेलं असलं तरी जराशा नफ्यावर आरओई चमकतो. बँकांना मात्र ही कर्जाची फूटपट्टी लावू नका, त्यांचा धंदाच दुसऱ्याच्या पैशाचा.

बियाणेवाला_लातूर: ३० वालीचा ताळेबंद काढला. कर्ज भांडवलाच्या तिप्पट. आडत्याभाऊ, तुमचा शेजारीच निघाला हा!