प्रतिसाद: डोपिंग, बँड गॅप आणि द्विफोटॉन शोषण

मँगनीज मिसळल्यावर (म्हणजे डोपिंग केल्यावर) झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळे व्हायला लागणारी किमान ऊर्जा, आक्रसतो आणि म्हणून अरेषीय शोषण, म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेनुसार बदलणारे शोषण, वाढते, असे या चर्चेतल्या आधीच्या एका प्रतिसादात म्हटले आहे. मला हे कारण अपुरे वाटते. मँगनीजचे प्रमाण एक-दोन टक्के असेल, तर बँड गॅप फारसा हलत नाही; जे बदलते ते त्याच्या आतले चित्र, कारण मँगनीजच्या डी-कक्षकांचे (अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या एका प्रकारच्या जागांचे) स्थानिक ऊर्जास्तर तिथे येऊन बसतात. झिंक सल्फाइडचा बँड गॅप सुमारे ३.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे आणि ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरचा फोटॉन २.३३ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, त्यामुळे एकटा फोटॉन तोकडा पडतो, पण दोन मिळून बँड गॅप सहज ओलांडतात, यालाच द्विफोटॉन शोषण म्हणतात, आणि हे डोपिंगशिवायही घडतेच. त्यानंतर ऊर्जा मँगनीजकडे जाऊन ५९० नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी प्रकाश दिसतो. मात्र नुसती नारिंगी चमक हा द्विफोटॉन शोषणाचा पुरावा नव्हे. लेसरची तीव्रता दुप्पट केल्यावर चमक चौपट होते का, हे आधी पाहावे.

झेड-स्कॅनच्या (नमुना लेसरच्या केंद्रबिंदूतून पुढेमागे सरकवून अरेषीय परिणाम मोजण्याच्या पद्धतीच्या) आलेखांबाबतही सावध राहायला हवे. ८० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आठ कोटी स्पंद (प्रकाशाचे झटके) सोडणाऱ्या लेसरमध्ये दोन स्पंदांत जेमतेम १२.५ नॅनोसेकंद असतात, तेवढ्यात द्रावणातली उष्णता विखुरत नाही, ती साचत जाऊन भिंगासारखी वागते, आणि आपण तिलाच इलेक्ट्रॉनिक अपवर्तन, म्हणजे इलेक्ट्रॉनांमुळे होणारे प्रकाशाचे वाकणे, समजून बसतो.