मदत हवी आहे: बुधाचं फिरतं मॉडेल, चकत्यांचं माप किती?

पुतणी सातवीत आहे, शाळेच्या प्रदर्शनासाठी बुध ग्रह घेतलाय. अंतर (सरासरी 5.8 कोटी किमी), व्यास (4,880 किमी), दिवसा 430 अंश आणि रात्री उणे 180, हे सगळं तक्त्यावर झालं. अडलंय ते मॉडेलवर.

बुध सूर्याभोवती 88 दिवसांत एक फेरी मारतो आणि स्वतःभोवती सुमारे 59 दिवसांत. म्हणजे 2 फेऱ्यांत 3 गिरक्या, त्यामुळे तिथे एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत 176 दिवस जातात. वर्षापेक्षा दिवस मोठा! तिला नेमकं हेच दाखवायचंय.

संत्र्यात टाचणी खोचून, बल्बभोवती हाताने फिरवून पाहिलं, हिशोब बरोबर जुळतो. एक फेरी झाली की टाचणी अंधारात, दुसरी झाली की पुन्हा बल्बसमोर. आता हे हँडलने व्हायला हवं. मधे 9 सेंटीमीटरची चकती पक्की चिकटवली, फिरत्या पट्टीच्या टोकाला 6 सेंटीमीटरची, दोन्हींवर रबरबँड. (बुध आता थर्माकोलचा, संत्रं जड होतं.) पण टाचणी उलट्या दिशेने फिरते.

मोटर नको, शाळेची अट आहे. तयार गिअर बर्डीत (नागपूरचा सीताबर्डी बाजार) मिळतील, पण शक्यतो पुठ्ठ्यातच करायचंय. पट्टीची लांबी 30 सेंटीमीटर.

पट्टी स्वतःच फिरत असताना दोन चकत्यांचं प्रमाण किती ठेवायचं, आणि रबरबँड सरळ घालायचा की आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन?