राखेत युरिया मिसळण्याविषयी

कुंडीतल्या झाडांना खत म्हणून लाकडाची राख घालण्याविषयीच्या एका प्रतिसादात म्हटले आहे की राखेत नत्र (नायट्रोजन) नसते, कारण लाकूड जळतानाच ते वायुरूपाने निघून जाते; हा मुद्दा बरोबर आहे. परंतु ‘म्हणून राखेतच थोडा युरिया मिसळून द्यावा’ हा त्यापुढचा सल्ला मात्र पटत नाही. लाकडाच्या राखेत मुख्यतः कॅल्शियमचे आणि पोटॅशियमचे कार्बोनेट असते, त्यामुळे ती चांगलीच अल्कधर्मी असते, आणि तिच्याशी युरिया किंवा अर्धकच्चे शेणखत एकत्र आले की त्यांतले नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जाते.

ऐरोलीच्या घरी मी हा प्रयोग अजाणता केला आहे. मुरबाडकडून आणलेली चुलीची राख पिठाच्या जुन्या चाळणीने चाळून ओलसर शेणखतात कालवली, तेव्हा बाल्कनीत असा उग्र दर्प सुटला की डोळ्यांना पाणी आले. खताचा जोर नाकावाटे गेला म्हणायचा! तीच राख अनंताच्या कुंडीत दोन मुठी घातल्यावर महिनाभरात कोवळी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, कारण माती अल्कधर्मी झाली की मुळांना लोह मिळेनासे होते. टोमॅटोला मात्र चमचाभर राख मानवली. इस्त्रीवाल्याकडची राख घेणार असाल, तर ती दगडी कोळशाची नाही ना, एवढे आधी विचारून घ्यावे; तिच्यात जड धातू असू शकतात, त्यामुळे ती भाजीच्या कुंडीत नको.